एक दाब, एक माणूस

ज्या खोलीतनं बायकोला उचलली, त्याच खोलीत दुसऱ्या दिवशी सूनबाईनं कॉम्प्युटर मांडला.

दुसरी जागा नव्हती, हे खरं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर गडीमाणसं, मधल्या खोलीत बाया, गच्चीवर नुसतं ऊन. नेटचा डबा पोरानं मागं याच खोलीत भिंतीला ठोकला होता. म्हणून एका कोपऱ्यात पिठाच्या ताटलीवर दिवा, दक्षिणेकडं तोंड करून, आणि दुसऱ्या कोपऱ्यात दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर सूनबाईचं मशीन. दिवा विझू नये म्हणून पंखा बंद. पोरीचा ड्रेस घामानं पाठीला चिकटायचा, पण ती उठायची नाही.

आमची ही सकाळी गोठ्याकडं गेली आणि तिथंच पडली. ओतूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपली. आमच्या पिंपरी पेंढारात असं अचानक कुणी गेलं की लोक फोनवर आधी विचारतात, "बिबट्या का वो?" न्हाई, हार्ट, असं सांगितलं की पलीकडचा जरा हिरमुसतो. एक पाहुणा तर माझ्या तोंडावर म्हणाला, "बिबट्यानं नेली असती तर पेपरात फोटो तरी आला असता वहिनीचा." त्याला मी कोरा चहा पाजला आणि वाटेला लावला.

मी चौथी शिकलेला माणूस. सून ओझरच्या बाजूची, शेतकऱ्याचीच पोरगी. ओतूरला कॉलेज केलं, पुण्यात कंपनीत लागली. पोरगा चाकणला कामाला. दोघं पुण्यात राहतात. तिच्या कामाचं नाव कोबोल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "हे काय असतं?"

"भाषा आहे, आबा. मशीनला हुकूम द्यायची. तुमच्या लग्नाच्याही आधीची आहे."

"मग अजून मेली कशी न्हाई?"

"मारायची कुणाची हिंमत होत नाही. सगळ्यांची कामं तिच्यावर चाललीत."

बायको तेव्हा बाजूला बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "माझ्यासारखीच मग." आणि सोलत राहिली.

तर त्या दिवसांत सूनबाईच्या गळ्याशी आलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीचा एक प्रोग्राम तिच्याकडं होता. त्या कंपनीकडं विमा उतरवलेली माणसं रांगेनं त्या प्रोग्राममधनं जातात आणि ज्याला जे पत्र जायचं ते छापून निघतं. त्यात आता असं व्हायला लागलं होतं, की मधेच एखाद्या धडधाकट माणसाच्या घरी त्याच्या बायकोच्या नावानं पत्र जायचं : तुमचे यजमान वारले, आम्हांला फार वाईट वाटतं. यजमानच दार उघडून ते पत्र घ्यायचा. दुसरे दिवस असते तर मी हसलो असतो.

दहाव्याच्या आत ही चूक सापडली नाही तर काम दुसऱ्या कंपनीला जाणार होतं, आणि सूनबाई घरी बसणार होती. तिचा साहेब फोनवर बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तिनं फोन पाटावर ठेवून आवाज मोठा केला होता, कारण हात मोकळे नव्हते.

"मॅडम, आपके घर का मामला मैं समझता हूँ. क्लायंट नहीं समझता."

"सर, सासूबाईंचं..."

"हाँ हाँ, बहुत दुख हुआ. तो दसवें से पहले हो जाएगा ना?"

दहावा म्हणजे काय ते त्यानं तिच्याकडनंच विचारून घेतलं होतं. दुःख कळायला नाही, तारीख धरायला.

दुसरी साहेब घरात होती. माझी थोरली बहीण, आक्का. आंबेगावात दिली, घोडेगावच्या पलीकडं. बायकोला आग दिली त्याच दिवशी ती पिशवी घेऊन आली ती दहावा होईपर्यंत राहायलाच. आमच्याकडं रीत अशी, की दुखवट्याला बाई आली की घरातल्या बाईनं उठून तिच्या गळ्यात पडायचं आणि आवाज काढून रडायचं. येणारी गाडीतनं उतरतानाच सूर लावते. घरातलीनं तो उचलायचा. ती थांबली की हिनं थांबायचं. मग चूळ भरायची, चहा घ्यायचा आणि पावसापाण्याच्या गोष्टी करायच्या. आता घरातली बाई म्हणजे सून एकटीच. ती उठली नाही तर गावभर होणार, की सासू मेली तरी सुनेच्या डोळ्याला पाणी नाही.

आक्का या रडण्याची मुकादम झाली. ओट्यावर बसायची, रस्त्याकडं नजर. गाडी वळली की आत यायची आणि सूनबाईच्या दंडाला धरून उठवायची.

"ऊठ. बेल्ह्याच्या बाया आल्या."

"आत्या, एकच मिनिट. हे मधेच सोडलं तर सगळं परत करावं लागतं."

"ती मेलेली मधेच सोडून गेली. तुझं मशीन काय तिच्यापेक्षा मोठंय?"

सूनबाई उठायची. बाहेर जाऊन गळ्यात पडायची. पण तिला मोठ्यानं रडता येत नव्हतं. खांदे हलायचे, आवाज फुटायचा नाही. आक्का पाठीमागं उभं राहून बघायची आणि पाहुण्या बाया चहाला बसल्या की सगळ्यांदेखत म्हणायची, "काय गं, रडत व्हतीस का उचकी लागली व्हती?"

"मला मोठ्यानं येत नाही, आत्या."

"मग शिक. मशीन शिकलीस न्हवं? का रडायचा पगार मिळत न्हाई म्हणून जड जातंय?"

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. दुखवट्यात हसू आलं की पदर लावायचा, म्हणजे रडल्यागत दिसतं.

सूनबाई परत खोलीत यायची तर पडद्यावर सगळं गेलेलं. मी तिथंच भिंतीला टेकून बसलेला असायचो. बाहेर गडीमाणसांत बसलं की प्रत्येक जण तेच म्हणायचा, चांगलं मरण आलं, भोगली नाही, कुणाच्या हातात नसतं. मला त्यांच्या तोंडात माती घालावीशी वाटायची. म्हणून मी आत बसायचो. तर ती यायची, पडदा बघायची आणि नुसती बसून राहायची.

"काय झालं?"

"लाईन तोडली त्यांनी. काही वेळ बटण दाबलं नाही तर तिकडचं मशीन समजतं की इथं कुणी नाही. मग तोडून टाकतं."

"मग परत जोड."

"जोडते. पण प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, आबा. जिथपर्यंत आले होते तिथपर्यंत यायला परत अर्धा दिवस."

आणि अर्धा दिवस व्हायच्या आत आणखी एक गाडी वळायची. रडारड झाली की परत पहिल्यापासून. असं चाललं होतं.

एकदा मी गोठ्यात वैरण टाकत होतो तर आक्का तिथं आली. गव्हाणीला हात टेकून उभी राहिली.

"लई गुंतलीय ती मशीनमधी."

"नोकरी जाईल म्हणती."

"जाऊ दे की." आक्का हळूच म्हणाली. "चांगलंच हाय. तुझा इचार कर. दहावा झाला की भाऊबंद भाकरी आणायचे बंद व्हतील. मग कोण घालणार तुला? पोरगा चाकणला. हिची नोकरी गेली की ही हितं राहील. गोठा बघील, चूल बघील. मशीनपाशी बसून बसून पाळणा तर हलला न्हाई, हितं राहिली तर तेबी हुईल. मी काय उगी उठवती का तिला सारखी?"

मला उशिरा कळलं, ती काय बोलली ते. मला वाटत होतं आक्का रीत पाळतेय. आक्का नोकरी मारत होती. एकेक पाहुणी पुढं करून.

"पोराला सांगितलंस?" मी विचारलं.

"त्याला काय सांगायचं? त्यो बायकोला भितो, मला भितो, तुला भितो. त्याला ज्या बाजूला ढकलू तिकडं जाईल."

ते मात्र खरं होतं.

मी वैरण टाकत राहिलो. माझ्या डोळ्यांपुढं सूनबाई चुलीपाशी बसलेली आली. तवा उचलताना आमची ही जो फडका घ्यायची तोच फडका तिच्या हातात. सकाळी मी उठणार, आतनं भाकरी थापायचा आवाज येणार, आणि आत कुणीतरी दुसरंच असणार. पोरगी वाईट नाही. पण मला ती तिथं नको होती. तिथं मला कुणीच नको होतं.

त्याच दुपारी सूनबाई म्हणाली, "आबा, एक काम कराल?"

"काय?"

"मी बाहेर गेले की तुम्ही इथं बसाल? बटण दाबत?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं."

"कळायचं काही नाही. नुसतं बघायचं."

मग तिनं मला समजावून दिलं. प्रोग्राम चालू असला की डोळ्याला काही दिसत नाही, सगळं आतल्या आत पळतं. पण त्याला धरायची एक सोय असते. तिला डिबगर म्हणतात. प्रोग्रामच्या कुठल्याही ओळीवर थांबा ठेवायचा. पळत पळत तो तिथं आला की उभा राहतो. मेलेला नसतो, बंदही नसतो, आहे तसा उभा. मग त्याच्या कुठल्या खणात काय आहे ते उघडून बघायचं. सोड म्हटलं की पुढं जातो, परत थांब्यावर उभा. काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं, आणि एक ओळ उजळलेली. जिथं तो उभा आहे ती ओळ.

"त्याच्या खणात हात घालून दुसरंही ठेवता येतं," ती म्हणाली, आणि करून दाखवलं. एक माणूस उभा होता. खाली त्याचा मरणाच्या तारखेचा खण, रिकामा. तिनं त्यात आकडे भरले आणि सोडला. बाजूला पत्र उमटलं, त्याच्या बायकोच्या नावानं.

"मेला का त्यो?"

"खोटा खोटा. ही सगळी मीच भरलेली नकली माणसं आहेत. थांबा." तिनं परत पहिल्यापासून धरलं, त्याच माणसाला थांबवलं, खण रिकामाच ठेवला आणि सोडला. आता पत्र आलं नाही. माणूस पुढं निघून गेला.

मी दिव्याकडं बघितलं, तिच्याकडं नाही. तिनंही माझ्याकडं पाहिलं नाही.

एका ओळीवर बोट ठेवून मी विचारलं, "ह्यो शबुद सारखा सारखा येतोय."

"मूव्ह. म्हणजे इकडचं तिकडं टाक."

"मग इकडचं जातं?"

"नाही. इकडचं राहतंच. तिकडं नक्कल होते."

"मग टाक कशाला म्हणता? खोटं बोलता."

ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळी झाली. "आबा, ज्यांनी ही भाषा केली ते आता वर गेलेत. तिकडं जाल तेव्हा विचारा."

"लवकरच इचारतो."

माझं काम असं होतं. बटण दाबलं की रांगेतला एक माणूस पुढं येऊन उभा राहणार. वरच्या खणात त्याचा नंबर, खालच्या खणात मरणाची तारीख. जिवंत असला तर खालचा खण रिकामा. तारीख आलेला माणूस खरा मेलेला. त्याच्या पाठचा माणूस आला की खण पुसून रिकामा झाला पाहिजे. कधीतरी तो पुसला जात नव्हता. मेलेल्याच्या मागं जो उभा, त्याच्या अंगाला ती तारीख चिकटायची आणि तो जिवंतपणी मरायचा. तीच तारीख परत आली की हात उचलायचा आणि सूनबाईला हाक मारायची.

"आपोआप थांबत न्हाई का ते?"

"तशी सोय असते. कंपनीनं मला दिलेली नाही. डोळ्यानंच बघायला लागतं."

"दोन माणसं एका दिवशी मरत न्हाईत का? तारीख सारखी यायची."

"मरतात. पण ही माणसं मी भरलीत. सारखी तारीख कुणाला दिली नाही." मग तिनं माझं मनगट धरलं. "आबा, एक मात्र. सापडला की परत दाबायचं नाही. दाबलं तर तो गेला. आणि न दाबता जास्त वेळ गेला तर लाईन तुटेल. म्हणून लगेच हाक मारा. लगेच."

बटणं पुष्कळ, माझी बोटं जाड. चुकायला नको म्हणून आरशामागं आमच्या हिचं टिकल्यांचं पाकीट खोचलेलं होतं ते तिनं काढलं आणि एक लाल टिकली त्या बटणावर चिकटवली. माझ्या मनात आलं तिला बोलावं. पण टिकली दिसत होती नीट, म्हणून गप्प बसलो.

एक दाब, एक माणूस. मी दाबत राहिलो. रिकामा. रिकामा. रिकामा. तारीख. रिकामा. बाहेर बाया येत होत्या, सूनबाई जात होती, आक्का टोमणे मारत होती. मी भिंतीकडं तोंड करून दाबत होतो. पोरगा दोनदा डोकावून गेला. त्याला विचारायचं होतं, मी काय करतोय, पण विचारलं नाही. काम असं की त्यात डोकं लागत नव्हतं आणि डोकं दुसरीकडंही जाऊ देत नव्हतं. मला ते बरं वाटत होतं. सतरंजीवर बसलेल्यांनी मला एवढं सुख दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आंबेगावची पिकअप आली. त्यात आक्काची जाऊ. बारा गावांत नाव असलेली रडणारी. एका लग्नातल्या मानपानावरनं तिनं आमच्या हिच्याशी बोलणं टाकलं होतं. हिच्या हातचं पाणी प्यायची नाही. आता फाटकातनंच तिनं सूर लावला, "अगं माझे बाये गंऽऽ, मला टाकून कशी गं गेलीस गंऽऽ." मला आत बसून ऐकू येत होतं. टाकलं कुणी कुणाला! आक्कानं सूनबाईला उठवलं. जाताना सूनबाई माझ्याकडं बघून गेली.

मी दाबलं. रिकामा. बाहेर जाऊ हिचे गुण गात होती. कशी माया लावायची, कशी पुरणपोळी वाढायची. दाबलं. रिकामा. दाबलं. तारीख. दाबलं.

तीच तारीख.

मी आकडे बोट लावून वाचले. वरचा नंबर बदललेला, खालची तारीख तीच. हात उचलला. हाक मारली, "सूनबाई!" बाहेर एवढा गलका की माझी मलाच ऐकू आली नाही. दारात गेलो, परत मारली. बायांचं रिंगण, मधे जाऊबाई, तिच्या मिठीत सूनबाई. तिचं डोकं जाऊबाईनं छातीशी असं दाबलेलं की ती मान वर करूच शकत नव्हती. बाया रडत असतात तिथं गडीमाणूस जात नाही. मला वाटलं थांबावं. मग वाटलं, थांबलो तर आक्काचं झालं. गोठ्यात बोलली होती तसं सगळं होईल आणि ही पोरगी माझ्या चुलीपाशी येऊन बसेल.

मी रिंगणात घुसलो. बाया बाजूला झाल्या. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला हुंदका आला, येऊन गळ्यात पडतोय. मी सूनबाईचा हात धरून ओढला.

"ऊठ. तुझा मेलेला सापडला."

जाऊबाईचा सूर मधेच तुटला.

"काय?" सूनबाई म्हणाली.

"तीच तारीख. परत. लवकर चल, दाबलं न्हाई मी."

ती उठली. आक्कानं तिची ओढणी धरली. "कुठं? पावणी गळ्यात हाय अजून!" सूनबाईनं मान काढली आणि पळाली. ओढणी आक्काच्या हातात राहिली.

मी मागोमाग गेलो. ती पडद्यापाशी गुडघ्यावर बसली होती. एकेक खण उघडत होती, तो कुठल्या ओळीनं आला ते बघत होती, तोंडानं पुटपुटत होती. माझं तिथं काही काम नव्हतं. मी दिव्यात तेल घातलं.

"आबा," ती म्हणाली, "ज्याचा पत्ता बदललाय तो माणूस आला की हा प्रोग्राम आडवाटेनं जातो. खण पुसायची ओळ त्या वाटेवर लागतच नाही." आणि ती हसली. मोठ्यानं. पदरबिदर काही न लावता, जत्रेत हसावं तशी. ज्या पोरीच्या तोंडातनं रडण्याचा आवाज फुटत नव्हता तिचं हसू सगळ्या घरात ऐकू गेलं.

आक्का दारात उभी होती.

"हसली," ती म्हणाली. मग वळून बायांना ओरडून सांगितलं, "हसली! दिव्यापुढं बसून हसली!" आणि आत येऊन सूनबाईच्या कानाखाली लगावली.

सूनबाईनं एका हातानं गाल धरला आणि दुसऱ्या हातानं मशीनवर दाबायचं ते दाबलं. लाईन तुटली असती म्हणून. मी ते बघितलं. मला वाटतं आक्कानंही बघितलं, आणि थपडीनं आलेलं सगळं समाधान तिच्या तोंडावरनं गेलं.

"बघ, बघ तुझी सून," आक्का मला म्हणाली. "भावजयीची राख अजून गरम हाय."

"राख तिसऱ्यालाच पाण्यात सोडली. गार हाय."

"तुझं डोकं फिरलंय. कुणासाठी केलं मी हे? तुझ्याच पोटासाठी ना?"

"माझ्या पोटाचं मी बघतो. तुला रडायचं असंल तर बाहेर जाऊन रड. न्हाईतर ओतूर स्टँडवरनं घोडेगावची गाडी सुटती."

"मर मग एकटा."

"मरतो."

पोरगा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. बायकोच्या गालावर बोटं उमटलेली होती. तो म्हणाला, "आत्या, आबा, लोक बसलेत बाहेर." एवढंच. मला पोराची लाज वाटली. मग वाटलं, याला असा भित्रा आपणच केला का हिनं केला, आणि तो विचार तिथंच सोडला. आता विचारायला ही नाही.

आंबेगावची पिकअप चहा न घेताच गेली. दुपारपर्यंत गावात झालं होतं, की म्हाताऱ्यानं बायकांच्या रडण्यात घुसून सुनेला ओढून नेली आणि दोघं आत हसत बसले. कुणीकुणी त्याला आणखी मीठमसाला लावला, तो मी इथं लिहीत नाही. सूनबाईनं चूक दुरुस्त करून पाठवली. साहेबाचा फोन आला. "बहुत बढ़िया, मॅडम. मैंने कहा था ना, हो जाएगा." तिच्या सासूचं नाव त्यानं परत काढलं नाही.

दहावा झाला. आमच्या जुन्नर-आंबेगावात दशक्रियेला पुढारी लागतात. माईक लावला होता. एक जण बोलला, माऊली कशी प्रेमळ होती. त्यानं तिला कधी पाहिली नव्हती. दुसरा बोलला, तालुक्याचं नुकसान झालं. तिसऱ्याला दुसऱ्या दशक्रियेला जायचं होतं म्हणून तो उभ्या उभ्याच बोलला. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली नव्हती. मला वाटलं, तिला निघायची घाई होती.

आक्का पिशवी उचलून माझ्याशी न बोलता गेली. ज्या बायांपुढं तिनं सुनेला रडायला शिकवलं, त्याच बाया तिला गाडीत बसवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सूनबाई माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. गाल आता बरा होता.

"आबा, मी साहेबांशी बोलले. आता मला कुठूनही काम करायला हरकत नाही म्हणाले. मी राहते महिना-दोन महिने. इथं लाईन चांगली आहे. तुमचंही होईल."

"कुणी सांगितलं तुला? पोरानं?"

"कुणी नाही. मलाच वाटलं. तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी काय केलं न्हाई मी."

मला तिथंच थांबता आलं असतं. पण मग ती राहिली असती.

"तू जा," मी म्हटलं. "मला तुझी नोकरी राहायला पायजे व्हती, म्हणजे तू जाशील. आक्का तुला हितं ठेवायला बघत व्हती. मी तुला घालवायला बघत व्हतो. एवढाच फरक."

"मी काही चुकले का, आबा?"

"न्हाई."

"मग?"

"तिच्या जागी तू उठताबसताना मला बघवायचं न्हाई. तू वाईट हायेस म्हणून न्हाई. तू जिती हायेस म्हणून."

तिच्या तोंडाचा रंग गेला. आक्काच्या थपडीनं गेला नव्हता एवढा. ती उठली, आत गेली, मशीनच्या वायरी गुंडाळल्याचा आवाज आला. गाडीत बसायच्या आधी पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही.

पोरगा गाडीची किल्ली हातात खेळवत म्हणाला, "आबा, ती चांगलं म्हणत व्हती. तुमी एकदम तोडून बोलला."

"चांगली हाय ना? मग चांगली ठेव. तुझ्यादेखत दुसऱ्या कुणी हात उचलला तर नुसता बघत उभा राहू नको."

तो लाल झाला. गाडी सुरू केली. सूनबाई काच खाली करून काहीतरी म्हणाली, गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी परत विचारलं नाही.

भाऊबंदांकडनं जेवण येणं त्या दिवसापासून बंद झालं. रीतच आहे ती. मी भात टाकला. पाणी कमी पडलं, कच्चा राहिला. खाल्ला.